फळीवरचे मथळे

आमची गिरगावातली चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आणि दहा बाय बाराची खोली रिकामी करायला आम्हाला तीन दिवस लागले. त्यातला अख्खा दिवस स्वयंपाकाच्या फळीने खाल्ला. आईने आयुष्यात कधी फळीवरचा जुना पेपर काढून नवा अंथरला नाही. जुन्यावर नवा, त्यावर आणखी नवा. डबे उतरवले तेव्हा फळीवर बोटभर जाडीचा थर बसला होता, आणि त्यावर तेलाच्या बरणीचे गोल गोल शिक्के. मी उलथनं घेऊन खरवडायला लागलो आणि वाचतच बसलो.

वरचे थर नेहमीचे. सोनं गडगडलं, पारा घसरला, मध्य रेल्वे कोलमडली, शेअर बाजार कोसळला. मथळ्यात धड दोन पायांवर उभं असं कुणी नसतंच.

साखरेच्या डब्याखाली मात्र ऑगस्ट २००६ निघाला. माहीमच्या समुद्राचं पाणी गोड झालं, ती बातमी. माणसं बाटल्या-कॅन घेऊन किनाऱ्यावर धावली होती आणि पिऊ नका, पिऊ नका म्हणून यंत्रणा ओरडत होत्या. पावसाचं आणि मिठी नदीचं पाणी मिसळून खारटपणा उतरला होता, इतकंच. मिठीतून काय काय वाहतं हे ठाऊक असलेला मुंबईकर ते पाणी ओंजळीने पितो, याला श्रद्धा म्हणावी की पोट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण समजा, तो गोडवा टिकला असता! वडाळ्या-भांडुपच्या मिठागरांत मिठाऐवजी साखर धरली असती. आणि साखर म्हटल्यावर सहकारी कारखाना आलाच. ऊस नको, तोडणी नको, टोळ्या नकोत. भरतीला गाळप सुरू, ओहोटीला बंद. चेअरमनपदासाठी दादर ते माहीम दोन पॅनल, आणि समुद्राला पहिली उचल किती द्यायची यावरून चौपाटीवर रास्ता रोको. खाल्ल्या मिठाला जागा म्हणून भाषणं करणाऱ्यांची वेगळीच पंचाईत. शिवाय बोंबील गोड लागतोय म्हणून परत घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला माहीमच्या कोळणीने जे ऐकवलं असतं, ते कुठल्याही पेपरने छापलं नसतं.

आणखी खाली २२ सप्टेंबर १९९५. आदल्या दिवशी देशभर गणपती दूध प्याले होते. हे मला नीट आठवतं, कारण आमच्या मजल्यावरही चमचा घेऊन रांग लागली होती आणि मी त्या रांगेत दोनदा उभा राहिलो होतो. पृष्ठताण, केशाकर्षण वगैरे शास्त्रज्ञांनी लगेच सांगितलं, पण रांगेत कोण ऐकतो? मला त्यातलं टायमिंग आवडलं. गणपती येऊन गेले तेव्हा काही मागितलं नाही, आणि ऐन पितृपंधरवड्यात, कावळ्यांच्या सीझनमध्ये, मध्येच यांना तहान लागली. बरं, दुधावर भागलं. मोदकही खरोखर खायला लागले असते तर एकवीसचा नैवेद्य दाखवून एकवीस स्वतः खायची आपली पिढ्यानपिढ्यांची व्यवस्था एका दुपारीत मोडली असती. निम्म्या घरांनी पुढच्या वर्षी मूर्ती बसवताना दोनदा विचार केला असता.

सगळ्यात तळाचा कागद पापडासारखा झाला होता. ११ जुलै १९७९. स्कायलॅब कोसळणार. सत्त्याहत्तर टनांची अमेरिकन अंतराळ प्रयोगशाळा, आणि नेमकी कुठे पडेल ते खुद्द नासालाही सांगता येत नव्हतं. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. जिन्याखाली लपलं तर वाचतो, असा आम्हा पोरांचा शोध होता.

ती पडली हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात. तिथल्या एस्पेरन्स गावाने कचरा टाकल्याबद्दल नासाला चारशे डॉलर दंड लावला. ऑस्ट्रेलिया नवखा देश, त्यांना एवढंच सुचलं. ती आमच्या चाळीवर पडली असती तर दंडावर थोडंच भागलं असतं? गच्ची मालकाची, म्हणून स्कायलॅब माझी, असं मालक म्हणाला असता. आमच्या डोक्यावर पडली म्हणून आमची, असं भाडेकरू. दोघे लघुवाद न्यायालयात गेले असते आणि तारखा पडेपर्यंत तिसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी तिच्यावर पापड वाळत घातले असते. मग तिच्या नावाची एक भाडेपावती फाटली असती, आणि एकदा पावती फाटली की अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जातीने आले तरी तिला इथून हलवता आलं नसतं. आज बिल्डरने तिलाही ट्रान्झिटचं भाडं दिलं असतं. सुटे भाग अर्थात पहिल्या शुक्रवारीच चोरबाजारात.

त्या पानाच्या कडेला पेन्सिलीने आईचं अक्षर दिसलं. ‘आरे – १ बाटली जास्त. काकूंचं कार्ड.’

आई ट्रंकेवर बसून माझी सफाई बघत होती. विचारलं, "त्या दिवशी दूध जास्त कशाला घेतलं होतंस गं?"

"सगळे म्हणत होते, डोक्यावर पडणार. म्हटलं, पडायचंच आहे तर शेवयांची खीर तरी होऊ दे."

"मग?"

"मग काय! तुझ्या वडिलांनी तीन वाट्या खाल्ल्या, ते पडलं तिकडे ऑस्ट्रेलियात, आणि सकाळी सहाला काकू दारात. माझी बाटली कुठाय म्हणून."