बघितलंस, पण बोललीस का?

बाबा रेल्वेत लोको पायलट होते. पुणे-दौंड, पुणे-मिरज करत नोकरी झाली. मला स्कूटरवर मागे बसवून शाळेत सोडायचे, तेव्हा चौकातला दिवा दिसला की हात किंचित वर करून म्हणायचे, "लाल." मग मीही मागून "लाल" म्हणायचं. इंजिनात असंच असतं. सहायक सिग्नलचा रंग मोठ्याने सांगतो, चालक तोच पुन्हा बोलतो. "नुसतं बघून भागत नाही," ते म्हणायचे, "डोळे बघतात एक आणि मन धरून बसतं दुसरंच."

मी आता विमानात फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. रेल्वेत लाल सिग्नल ओलांडला तर त्याला स्पॅड म्हणतात. आमच्याकडे त्याच जातीची चूक म्हणजे रनवे इनकर्शन: नको त्या वेळी धावपट्टीवर विमान, गाडी किंवा माणूस असणं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी ती जवळून पाहिली. पहाटेची वेळ, मोठं विमानतळ, दोन समांतर धावपट्ट्या. आम्ही बाहेरच्या पट्टीवर उतरलो होतो, टर्मिनलकडे जायला आतली ओलांडायची होती. एटीसीने, म्हणजे टॉवरमधल्या हवाई वाहतूक नियंत्रकाने सांगितलं, होल्ड शॉर्ट: पट्टीच्या अलीकडेच थांबा. मी रीडबॅकही बरोबर दिला, म्हणजे ती सूचना तशीच परत बोलून दाखवली, आणि टॅबलेटमध्ये बे नंबर, म्हणजे विमान उभं करायची जागा शोधायला मान खाली घातली. आधीच्या कितीतरी फेऱ्यांत तिथे थेट ओलांडायची परवानगी मिळाली होती. कॅप्टनच्या कानावर होल्ड शॉर्ट पडलं, पण मनाने "क्रॉस" ऐकलं असणार. मान वर केली तर स्टॉप बारचे, म्हणजे पट्टीच्या अलीकडे जमिनीत ओळीने बसवलेले लाल दिवे समोर, त्यांच्यापुढे थांबण्याच्या खुणेच्या चार पिवळ्या रेघा, अलीकडच्या दोन अखंड, पलीकडच्या दोन तुटक, आणि आपलं चाक त्यांच्याकडे निघालेलं.

मी म्हटलं, "सर, होल्ड शॉर्ट ना?"

हळू म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्यांदा मी ओरडले, "स्टॉप!" ब्रेक लागला. रेघेच्या अलीकडे थांबलो. थोड्या वेळाने उजवीकडून एक विमान टेक-ऑफसाठी समोरून सुसाट गेलं. कॅप्टननी स्वतः रिपोर्ट भरला आणि त्यात माझं नाव चांगल्या शब्दांत लिहिलं. मला मात्र रात्रभर तो पहिला, हळू आवाजातला "ना?" ऐकू येत होता.

27 मार्च 1977 ला स्पेनच्या टेनेरीफ बेटावर दाट धुक्यात केएलएम आणि पॅन ॲम या विमान कंपन्यांची दोन जंबो जेट एकाच धावपट्टीवर धडकली, 583 माणसं गेली. टेक-ऑफची परवानगी नसताना केएलएमच्या कॅप्टनने विमान पळवायला सुरुवात केली होती. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने, ते पॅन ॲमचं विमान पट्टीवरून हटलं नाही का, असं विचारलं. कॅप्टनने ठामपणे उत्तर दिलं आणि विमान पळतच राहिलं. तोही प्रश्नच होता, हुकूम नव्हता. "टेक-ऑफ" हा शब्द आता फक्त ती परवानगी देताना किंवा रद्द करताना वापरतात, त्याआधी "डिपार्चर" म्हणतात, ते त्या अपघातानंतरच.

तंत्रज्ञान मला मनापासून आवडतं. स्क्रीनवरच्या नकाशात आपलं विमान टॅक्सी वेवर, म्हणजे धावपट्टीकडे जायच्या रस्त्यावर सरकताना दिसतं. काही विमानांत यंत्र बोलतं, "ॲप्रोचिंग रनवे वन झीरो." पण ते जीपीएसवरून आपण कुठे आहोत तेवढं सांगतं. परवानगी मिळाली आहे का, पट्टीवर दुसरं कोणी आहे का, हे त्याला ठाऊक नसतं. आपल्या पुण्याच्या लोहगाव विमानतळाचंच घ्या. हवाई दलाचा तळ, धावपट्टी एकच, तिच्यावरूनच सुखोई आणि तिच्यावरूनच प्रवासी विमानं. 15 फेब्रुवारी 2020 ला दिल्लीला निघालेलं एक ए-321 टेक-ऑफसाठी धावत असताना वैमानिकाला पट्टीवर जीप आणि माणूस दिसला. वेग सुमारे 120 नॉट, म्हणजे ताशी 220 किलोमीटर. त्याने नाक लवकर उचललं, शेपूट घासली, विमान दिल्लीला सुखरूप उतरलं. ती जीप त्याने काचेतून पाहिली.

म्हणून आता टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, मान खाली घालायची असेल तर मी आधी सांगते, "हेड्स डाउन," आणि तोवर कॅप्टन बाहेर बघतात. धावपट्टीवर पाऊल टाकण्याआधी दोघंही आपापल्या बाजूला वळून बघतो आणि बोलतो: डावीकडे मोकळं, उजवीकडे मोकळं. लाल स्टॉप बार पेटलेला असेल तर तोंडी परवानगी मिळाली असली तरी ओलांडायचा नाही, पुन्हा विचारायचं.

गेल्या महिन्यात सिम्युलेटरवरचं, म्हणजे नकली कॉकपिटमधलं प्रशिक्षण करून आले. बाबांनी धानोरीच्या गच्चीवर चहा पिता पिता विचारलं, काय काय शिकवतात तिथे. म्हटलं, इंजिन बंद पडणं, आग, वादळी वाऱ्यात उतरणं. सिम्युलेटरचा तास महाग, त्यामुळे बहुतेक वेळा विमान थेट धावपट्टीच्या टोकाशी उभं करूनच सुरुवात होते.

बाबांनी कप खाली ठेवला. "अगं, मग यार्डातून गाडी बाहेर काढायला शिकवतात कधी?"

त्याच संध्याकाळी प्रशिक्षण विभागाला मेल लिहिला: पुढच्या सत्रात निदान एकदा गेटपासून सुरुवात करा, दाट धुक्यात, आणि मध्येच एक चुकीचा "क्रॉस" द्या, आमच्यापैकी कोण मोठ्याने "स्टॉप" म्हणतं ते बघायला.