ग्रे पोपट: जाती दोनच, बाकी विक्रेत्यांची नावं

कॅमेरून ग्रे, घाना ग्रे, रेड फॅक्टर, काँगो, टिमने. विकणारा नावं भराभर घेतो आणि नावागणिक भाव चढत जातो. प्रत्यक्षात आफ्रिकन ग्रेच्या जाती दोनच, काँगो आणि टिमने. पूर्वी टिमनेला काँगोची उपजात धरत. बर्डलाइफ या पक्षी संवर्धनाच्या जागतिक संस्थेने २०१२ मध्ये ती वेगळी जात म्हणून काढली.

काँगो साधारण ३३ सेंमी लांब, वजन ४०० ते ५०० ग्रॅम. अंगावर फिकट राखाडी पिसं, शेपूट लालभडक आणि चोच पूर्ण काळी. टिमने पश्चिमेकडचा, म्हणजे सिएरा लिओन, लायबेरिया या पट्ट्यातला. वजन २७५ ते ३७५ ग्रॅम, रंग कोळशाकडे झुकणारा, शेपूट काळपट मरून. ओळखायचा मात्र चोचीवरून. टिमनेची वरची चोच फिकट, शिंगासारखी असते आणि टोकाला काळी. शेपटीवर जाऊ नये, कारण काँगोच्या पिल्लाच्या शेपटीची टोकंही काळपट असतात आणि ते पिल्लू टिमने म्हणून सहज खपतं. डोळेही बघा. पिल्लाचे गडद असतात, वाढत्या वयात पिवळट होतात.

‘कॅमेरून’ म्हणजे थोराड, फिकट काँगो, एवढंच. अंगावर मधेच लाल पिसं असलेल्या पक्ष्याला ‘रेड फॅक्टर’ म्हणून जादा पैसे मोजण्याआधी थांबा. अस्सल रंगभेद असतो, पण आजारपणात किंवा पिसं उपटल्यावरही तिथे लाल पीस येतं, आणि पुढच्या पिसंझडीत पुन्हा राखाडी होतं. दोन्ही जाती २०१७ पासून साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट १ या सर्वांत कडक यादीत आहेत. भारतात त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. विकणारा कागद ‘नंतर देतो’ म्हणाला, तर पक्षी कितीही देखणा असो, परत फिरा.

जात कोणतीही असो, किनाऱ्यावर ग्रे पाळताना दोन गोष्टी नडतात, कॅल्शियम आणि बुरशी.

रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यात हा पक्षी इतर पोपटांपेक्षा कच्चा. सूर्यफूल आणि शेंगदाण्यावर वाढवला की आधी दांडीवरची पकड सैल होते, मग थरथर, मग झटके. आपल्याकडे उपाय वाळूवर पडलेला असतो, तो म्हणजे समुद्रफेन, माकुलाचं हाड. उचलून थेट पिंजऱ्यात टांगू नका. गोड्या पाण्यात तीन दिवस भिजत ठेवा, पाणी रोज बदला. मग दहा मिनिटं उकळून कडक उन्हात वाळवा. बरेच ग्रे ते नुसतं कुरतडून चुरा खाली पाडतात, म्हणून सुरीने खरवडून पाव चमचा पूड ओल्या खाण्यावर भुरभुरावी. सोबत शेवग्याचा पाला द्या. लाल माठ आणि पालक रोज नको, त्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. सकाळचं कोवळं ऊनही हवं, कारण त्याशिवाय पोटात गेलेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. खिडकीच्या काचेआडचं ऊन मात्र कुचकामी, उपयोगाचे किरण काच अडवते.

जून ते सप्टेंबर भुईमुगाच्या शेंगा बंदच ठेवा. टरफलात बुरशी धरते, तिचे कण श्वासातून फुप्फुसात आणि हवेच्या पिशव्यांत जाऊन बसतात. आवाज बदलला किंवा श्वासागणिक शेपूट वरखाली हलू लागली, तर ‘सर्दी असेल’ म्हणून वाट पाहू नका. कापलेली फळं दोन तासांत काढा, तळाचा कागद रोज बदला. पिंजरा पडवीत, पण पागोळ्यांपासून आत. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी खाऱ्या वाऱ्यात लवकर पांढुरकी होते आणि ती पूड चोचीतून पोटात गेली की विषबाधा. त्यामुळे स्टेनलेस स्टील महाग पडलं तरी तेच घ्यावं. गजांत अंतर पाऊण ते एक इंच.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर छोटी दांडी बसवा आणि रोज सकाळी खाण्याआधी वजन टिपा. आजार लपवण्यात हा पक्षी पटाईत, पण काटा लपवत नाही. दहा टक्के घट झाली की लगेच पक्षी तपासणाऱ्या डॉक्टरकडे. ४५० ग्रॅमचा काँगो ४०५ वर आला तर धोका, ३०० ग्रॅमचा टिमने २७० वर. टिमनेला काँगो समजून घरी आणलेले लोक इथेच फसतात. धडधाकट पक्ष्याला अशक्त ठरवून चारत राहतात आणि तो लठ्ठ होतो.