जुनं कॅड सॉफ्टवेअर काढायला लागलेले चार दिवस – माझा अनुभव

बरेच दिवस लिहायचं लिहायचं म्हणत होते, आज लिहूनच टाकते, कारण मी जिथे चार दिवस अडकले होते तिथे अजून कोणीतरी नक्की अडकलेलं असणार.

मी स्ट्रक्चरल ड्रॉइंगचं काम करते. मशीनवर 2012 चं एक कॅड (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं) सॉफ्टवेअर होतं, कंपनीचं नाव घेत नाही. कितीतरी वर्षं त्यावरच काम केलं, मग नवीन व्हर्जन घ्यावं लागलं आणि नवीन व्हर्जनचा सेटअप म्हणाला की जुन्याचे काही भाग अजून मशीनवर आहेत, आधी ते काढा. त्यात माझी एसएसडी 256 जीबीची, 9 जीबी जेमतेम शिल्लक. म्हटलं ठीक आहे, अनइन्स्टॉल करायला कितीसा वेळ लागतो.

कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन अनइन्स्टॉल दाबलं. हिरवी पट्टी निम्म्यापर्यंत गेली आणि एक खिडकी उघडली, की तुम्ही वापरत असलेलं फीचर ज्या ठिकाणी आहे ते ठिकाण उपलब्ध नाही, दुसरा पाथ द्या. खाली पाथ होता ई ड्राइव्हचा. माझ्या मशीनला ई ड्राइव्हच नाही! मग आठवलं, इन्स्टॉल केलं तेव्हा मशीनला डीव्हीडी ड्राइव्ह होता, तो ई. कॅन्सल केलं की पट्टी उलटी मागे यायची आणि सॉफ्टवेअर पुन्हा जसंच्या तसं जागेवर. हे मी सात-आठ वेळा केलं असेल, दर वेळी वाटायचं या वेळी होईल.

मग सेफ मोडमध्ये (विंडोज कमीत कमी गोष्टींवर चालतं तो मोड) गेले, तर तिथे विंडोज इन्स्टॉलरची सर्व्हिस, म्हणजे मागे चालणारा प्रोग्रॅम, चालूच नसते, त्यामुळे तिथून एमएसआयवालं (एमएसआय ही विंडोज इन्स्टॉलरची सेटअप फाइल) सॉफ्टवेअर निघतच नाही. अर्धा दिवस त्यात गेला.

दुसऱ्या दिवशी मी ती चूक केली जी बहुतेक सगळे करतात, प्रोग्रॅम फाइल्समधलं फोल्डरच सरळ डिलीट करायला घेतलं. नशीब की ते पूर्ण झालं नाही, एक फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे म्हणून अडलं. बघितलं तर लायसन्सची सर्व्हिस मागे चालू होती, सॉफ्टवेअर बंद असलं तरी ती मशीन सुरू झालं की आपोआप सुरू होते. मी सर्व्हिसेसमध्ये जाऊन ती थांबवली आणि डिसेबल करून टाकली. संध्याकाळी माझं अ‍ॅनालिसिसचं सॉफ्टवेअर उघडेना! दुसऱ्याच कंपनीचं, याच्याशी काही संबंध नसलेलं. नंतर कळलं की फ्लेक्सनेट नावाच्या लायसन्स तपासणाऱ्या सिस्टिमची सर्व्हिस बऱ्याच कंपन्यांची इंजिनिअरिंग सॉफ्टवेअर्स सामाईक वापरतात, एकासाठी बंद केली की बाकीचीही अडतात. परत सुरू केली तेव्हा जीव भांड्यात पडला, कारण दुसऱ्या दिवशी एका बिल्डिंगचं कॅल्क्युलेशन द्यायचं होतं.

त्या रात्री जुन्या ऑफिसातल्या एका मित्राला फोन केला, तो तिथे सगळ्यांची मशीन्स सांभाळायचा. सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "अगं, तू कधी सी ड्राइव्हवर जागा करायला विंडोजमधलं इन्स्टॉलर फोल्डर साफ केलं होतंस का?"

केलं होतं. दोन वर्षांपूर्वी डिस्क भरली होती, कुठेतरी वाचलं की विंडोजच्या फोल्डरमध्ये इन्स्टॉलर नावाचं लपवलेलं फोल्डर असतं, त्यात विचित्र नावांच्या मोठमोठ्या फाइल्स पडलेल्या असतात, त्या नको असतात. मी 11 जीबी उडवलं होतं आणि तेव्हा फार बरं वाटलं होतं.

मित्राने मग नीट समजावलं, ते इथे देते कारण हे कळलं की बाकी सगळं कळतं. एमएसआयवर चालणारं कुठलंही सॉफ्टवेअर टाकलं की विंडोज त्याच्या मूळ एमएसआयची एक प्रत त्या फोल्डरमध्ये ठेवतं, स्वतःच एक आकडे-अक्षरांचं नाव देऊन. सर्व्हिस पॅक (नंतर येणारा दुरुस्तीचा अपडेट) टाकला तर त्याची एमएसपी फाइलही तिथेच. सॉफ्टवेअर कसं काढायचं, कुठली फाइल कुठे टाकली, कुठली नोंद पुसायची, हे सगळं त्या प्रतीत लिहिलेलं असतं. ती प्रत नसली की विंडोज मूळ सेटअप मागतं, आणि तोही तोच, त्याच नावाचा. फाइलचं नाव बदललेलं असलं तरी घेत नाही. म्हणजे माझं सॉफ्टवेअर हट्ट करत नव्हतं, त्याच्याकडे स्वतःला काढायची कृतीच उरली नव्हती, आणि ती मीच पुसली होती.

मी विचारलं की मायक्रोसॉफ्टचं ते इन्स्टॉल-अनइन्स्टॉल दुरुस्त करणारं टूल वापरू का. तो म्हणाला, "ते सगळ्यात शेवटी. ते रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतल्या, नोंदी साफ करेल, पण फाइल्स आणि सर्व्हिस मागे राहू शकतात, मग त्या तुला हाताने शोधत बसाव्या लागतील. आधी डीव्हीडी शोध."

तिसरा दिवस डीव्हीडीचा. कपाटात जुन्या प्रिंट्सच्या गुंडाळ्यांमागे मिळाली, कव्हरवर माझ्याच अक्षरात सीरियल नंबर लिहिलेला, तो बघून खरंच खूप आनंद झाला. यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह मागून आणला, डीव्हीडीवर ओरखडे होते त्यामुळे कॉपी होताना मध्येच दोन-तीन मिनिटं थांबायची आणि मी आवाज ऐकत बसायचे, पण झाली शेवटी. मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून एमएसआयएक्सेक (विंडोज इन्स्टॉलर चालवायची कमांड), स्लॅश एफव्ही आणि पुढे त्या एमएसआय फाइलचा पूर्ण पाथ अवतरणचिन्हांत, असं टाइप केलं. यातला एफ म्हणजे रिपेअर आणि व्ही म्हणजे दिलेल्या सेटअपवरून चालव आणि इन्स्टॉलर फोल्डरमध्ये त्याची प्रत पुन्हा ठेव. हा व्ही महत्त्वाचा आहे.

तरी अडलंच. पण या वेळी मित्राच्या सांगण्यावरून लॉग (काय काय घडलं त्याची नोंद) लिहायला लावला होता, कमांडच्या शेवटी स्लॅश एल, स्टार, व्ही आणि लॉग फाइलचं नाव. लॉग उघडला तर हजारो ओळी, डोळे गरगरतात, पण युक्ती अशी की त्यात "रिटर्न व्हॅल्यू 3" शोधायचं, जिथे गाडी अडली तिथे ते लिहिलेलं असतं, आणि कारण त्याच्या वरच्या पाच-दहा ओळींत असतं. माझ्या लॉगमध्ये इन्स्टॉलर फोल्डरमधल्या एका एमएसपी फाइलचं नाव होतं, की ती सापडत नाही. म्हणजे सर्व्हिस पॅक! तो मी इन्स्टॉल केल्यानंतर वर्षभराने टाकला होता हे पार विसरले होते. बॅकअपच्या हार्ड डिस्कवर त्याची ईएक्सई होती, सेव्हन-झिप या फाइल्स उघडायच्या प्रोग्रॅमने उघडली, आत एमएसपी मिळाली, ती इन्स्टॉलर फोल्डरमध्ये टाकली आणि लॉगमध्ये जे नाव होतं अगदी तेच नाव दिलं. रिपेअर झाला. त्यानंतर आधी अ‍ॅड-ऑन आणि भाषेचा पॅक काढले, मग मुख्य सॉफ्टवेअर, आणि ती हिरवी पट्टी शेवटपर्यंत गेली. मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

आता चौथा दिवस, राहिलेलं साफ करायचा, आणि इथे खरं सांभाळून राहायला हवं. अनइन्स्टॉल झालं तरी सेटिंग्ज साठवणाऱ्या लपवलेल्या फोल्डर्समध्ये, म्हणजे प्रोग्रॅमडेटा आणि अ‍ॅपडेटामध्ये कंपनीच्या नावाची फोल्डर्स राहतात. मी अ‍ॅपडेटातलं फोल्डर सिलेक्ट करून डिलीटवर बोट ठेवलं होतं, सहज म्हणून आत बघितलं, तर माझी प्लॉट स्टाइलची सीटीबी फाइल तिथेच होती. कुठल्या रंगाची रेघ प्रिंटमध्ये किती जाड यायची, बीमची बाहेरची रेघ 0.5, सळ्या 0.35, डायमेन्शनची 0.18, हॅचिंग त्याहून फिकट, हे मी कितीतरी प्रिंट्स काढून काढून ठरवलेलं. शेजारी माझ्या लिस्पच्या (कॅडमध्ये स्वतःच्या कमांड लिहायची भाषा) छोट्या फाइल्स आणि टायटल ब्लॉकची टेम्प्लेट. जुन्या सगळ्या ड्रॉइंग्जचं दिसणं त्या एका फोल्डरवर उभं होतं आणि बॅकअपमध्ये मी फक्त ड्रॉइंग्ज घेतली होती. सगळं आधी बाहेरच्या डिस्कवर नेलं, मगच फोल्डर उडवलं.

रजिस्ट्रीत हात घालण्याआधी रिस्टोअर पॉइंट केला आणि जी शाखा काढायची ती एक्सपोर्ट करून ठेवली. एक गोष्ट लक्षात ठेवा, सॉफ्टवेअरचा जो लांबलचक प्रॉडक्ट कोड असतो तो इन्स्टॉलरच्या स्वतःच्या नोंदींत सरळ लिहिलेला नसतो, त्यातले आकडे उलटसुलट करून ठेवलेले असतात, म्हणून सरळ कोड शोधला तर तिथे काहीच सापडत नाही आणि आपल्याला वाटतं सगळं साफ झालं. तिथे कोडपेक्षा सॉफ्टवेअरच्या नावाने शोधलेलं बरं. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये (प्रोग्रॅम्सना पाथ वगैरे सांगणाऱ्या विंडोजच्या सेटिंग्जमध्ये) लायसन्स फाइलचा जुना पाथ होता, तेवढा भाग काढला, शेजारचा अ‍ॅनालिसिसवाला तसाच ठेवला. व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या 2005, 2008, 2010 अशा नोंदी यादीत दिसतात त्यांना अजिबात हात लावला नाही, त्या बाकीच्या सॉफ्टवेअर्सनाही लागतात. आणि ज्यांचं जुनं लायसन्स ऑनलाइन परत करता येतं त्यांनी ते अनइन्स्टॉलच्या आधी करा, नंतर ते परत करायचं बटणच राहत नाही.

नवीन व्हर्जनचा सेटअप या वेळी काही न विचारता पूर्ण झाला. पहिलं काम म्हणजे जुनी सीटीबी नवीन फोल्डरमध्ये टाकली आणि 2013 मधलं एक फुटिंगचं (पायाचं) ड्रॉइंग उघडून प्रिंट काढला, जुन्या प्रिंटवर ठेवून खिडकीसमोर धरला. रेघेवर रेघ बसली, 0.18 ची सुद्धा. मूळ एमएसआय, सर्व्हिस पॅक आणि ती सीटीबी आता एकाच फोल्डरमध्ये आहेत, दोन वेगळ्या डिस्कवर.