इन्सुलिन सुरू झाले, तरी गोळ्या का?

मधुमेहात उपाशीपोटीची साखर गोळ्यांनी आटोक्यात येईना, तेव्हा डॉक्टरांनी रात्री झोपताना १० युनिट दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन सुरू केले. इंजेक्शन आले म्हणजे गोळ्या सुटल्या, असे मी परस्पर ठरवले आणि मेटफॉर्मिनची पाकिटे कपाटात ठेवून दिली. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी ती पुन्हा बाहेर काढायला लावली.

मेटफॉर्मिन हा इन्सुलिनचा पर्याय नव्हेच. यकृत रात्रभर रक्तात जी साखर सोडत असते, तिला ते आवर घालते; त्यामुळे कमी इन्सुलिन पुरते आणि इन्सुलिनबरोबर वाढू पाहणारे वजनही काहीसे रोखले जाते. (वर्षानुवर्षे ते घेणाऱ्यांचे बी-१२ जीवनसत्त्व घटू शकते, ते मात्र तपासून घ्यावे.)

माझ्या दुसऱ्या गोळीचे, ग्लिमेपिराइडचे, तसे नाही. ही गोळी स्वादुपिंडाला आणखी इन्सुलिन सोडायला लावते, आणि बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनची त्यात भर पडली की साखर एकदम खाली जाऊ शकते. डोस वाढत वाढत १६ युनिटवर गेला, त्या आठवड्यात पहाटे साडेतीनला मला जाग आली ती घामाने भिजलेल्या अंगाने. हात इतके थरथरत होते की रक्ताचा थेंब पट्टीला लागेना. मीटरवर आकडा होता ५८. ७० च्या खालची साखर कमीच धरतात. १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून घेतले, १५ मिनिटांनी पुन्हा तपासले, तेव्हा कुठे ८४ दिसले. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड निम्मे केले, इन्सुलिनही दोन युनिटांनी उतरवले.

इतर गोळ्यांचीही इन्सुलिनशी संगत सारखी नसते. सिटाग्लिप्टिनचा सहसा त्रास होत नाही. पायोग्लिटाझोनने अंगात पाणी साठून पाय सुजू शकतात, म्हणून हृदय कमकुवत असलेल्यांना ते देत नाहीत. डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्याने इन्सुलिन मनानेच फार कमी केले किंवा उलट्या होत असताना ही गोळी चालूच ठेवली, तर साखर फारशी न वाढताही रक्तात घातक प्रमाणात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्ले) साठू शकतात.

माझ्या बाबतीत आणखी एक घोळ होता, तो गोळ्यांचा नव्हता. बेंबीच्या उजवीकडे रोज त्याच जागी टोचल्याने तिथे मऊसर गाठ झाली होती आणि तिच्यातून इन्सुलिन कधी कमी, कधी जास्त शोषले जात होते. आता वहीत साखरेच्या आकड्याशेजारी टोचल्याची जागाही लिहितो.