भर उन्हात दिसेल असा स्क्रीन : आमची वाटचाल

२००७ साली मी आणि माझा मावसभाऊ मिळून पुण्यात मॉनिटर रिपेअरिंगचं छोटं दुकान चालवायचो. तेव्हा गाडीत कॉम्प्युटर बसवायचं वेड बऱ्याच जणांना लागलं होतं, सीटखाली मिनी-आयटीएक्स बोर्ड (कॉम्प्युटरचा छोट्या आकाराचा मदरबोर्ड) आणि डॅशबोर्डवर सात इंची टच मॉनिटर, गाणी नकाशे सगळं त्यावर. आम्हीपण आमच्या ओम्नीत एक बसवला. मॉनिटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला, रात्री दारात गाडी लावून चालू केला तर गल्लीतली पोरं बघायला जमली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला सोलापूर रस्त्याला लागलो आणि त्यात मला फक्त माझं तोंड दिसायला लागलं. नकाशा मागे चालू होता पण हाताचा आडोसा केल्याशिवाय एक अक्षर वाचता येईना, आणि गाडी चालवताना आडोसा कोण करत बसणार.

त्यावेळी आमचं निदान एकदम सोपं होतं, उजेड कमी पडतोय, वाढवा. साध्या मॉनिटरचा उजेड अडीचशे-तीनशे निट (पडद्याची चमक मोजायचं एकक) असतो आणि बाहेर वापरायच्या स्क्रीनला हजारच्या आसपास लागतो असं वाचलेलं होतं. मॉनिटर उघडायचा, पडद्यामागून उजेड देणारी आतली बारीक सीसीएफएल ट्यूब आणि तिला वीज पुरवणारा इन्व्हर्टर काढून टाकायचा आणि एलईडीच्या पट्ट्या बसवायच्या, हे काम आम्हाला जमत होतं. २००८ मध्ये रस्त्यांचा सर्व्हे करणाऱ्या एका कंपनीने बारा जीपसाठी बारा स्क्रीन मागितले. आम्ही रात्रंदिवस बसून दिले. आमच्यासाठी ती फार मोठी ऑर्डर होती, ॲडव्हान्स मिळाला त्या दिवशी आईने देवापुढे पेढे ठेवले होते.

मे महिन्यात विदर्भातून ड्रायव्हरचा फोन आला, "साहेब, स्क्रीन मधोमध काळा पडलाय, कडेकडेने दिसतंय तेवढंच." रात्री त्याचाच परत फोन, "आता ठीक आहे." दुसऱ्या दिवशी दुपारी परत काळा. आठवड्यात चार गाड्यांमधून हीच तक्रार. एलसीडीतलं लिक्विड क्रिस्टल एका ठराविक तापमानाच्या वर गेलं की प्रकाश वळवायचं कामच सोडून देतं, साध्या पॅनलमध्ये ही मर्यादा साधारण सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास असते, आणि मग तेवढा भाग काळा दिसतो, गार झाला की पूर्ववत. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड आधीच भाजत असतो, त्यात आम्ही मागून जास्तीचे एलईडी लावून पॅनलला दुसऱ्या बाजूनेपण शेकत होतो. बारा स्क्रीन परत आणले. मागे ॲल्युमिनियमची जाड प्लेट लावली, तापमान वाढलं की उजेड आपोआप उतरेल असं सर्किट टाकलं, आणि आमच्या खर्चाने परत बसवून दिले. त्या वर्षी हातात काही उरलं नाही पण ती कंपनी आजही आमची गिऱ्हाईक आहे.

एवढं करूनही एक तक्रार सुटत नव्हती. जीपमधला इंजिनिअर म्हणायचा स्क्रीन छान दिसतो, आणि त्याच जीपचा ड्रायव्हर म्हणायचा काही दिसत नाही. आम्ही जाऊन बघायचो तर आम्हाला दिसायचा. ड्रायव्हरचे डोळे तपासायला सांगायपर्यंत आमची मजल गेली, त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण माणूस खरं बोलत होता.

२००९ चा गुढीपाडवा. सकाळी गुढी उभारली, आणि दुपारी पांढरा झब्बा घातलेलाच मी एक नवीन स्क्रीन ओम्नीत लावून बघायला बसलो. स्क्रीन पूर्ण धुवून निघाल्यासारखा पांढरट! मला वाटलं पीस खराब आहे. म्हणून मावसभावाला बोलावलं, तो वर्कशॉपचा गडद निळा एप्रन घालून माझ्या जागेवर बसला आणि म्हणाला दिसतंय की व्यवस्थित. मग मी बसलो, नाही. तो बसला, आहे. तीनचार वेळा अशी अदलाबदल केल्यावर लक्षात आलं की काचेत झब्बा दिसतोय! आम्ही दोन वर्षं सगळी टेस्टिंग निळ्या एप्रनमध्ये करत होतो, आणि त्या कंपनीच्या ड्रायव्हरांना पांढरा युनिफॉर्म सक्तीचा होता.

त्या रात्री बसून हिशोब केला तो अजून वहीत आहे. भर दुपारचं थेट ऊन म्हणजे जवळपास एक लाख लक्स (वस्तूवर पडणारा उजेड मोजायचं एकक). त्यात पांढरं कापड धरलं तर ते पंचवीस हजार निटच्या आसपास चमकतं, गाडीच्या काचेतून आलेलं ऊन धरलं तरी पंधरा-वीस हजार. काचेचा प्रत्येक पृष्ठभाग, म्हणजे जिथे काच आणि हवा भेटते तिथे, साधारण चार टक्के प्रकाश परत फेकतो. आमच्या स्क्रीनमध्ये पुढची काच, तिची मागची बाजू, मग हवेची फट, मग एलसीडीचा पृष्ठभाग, असे तीन धरले तरी बारा टक्के झाले, आणि रेझिस्टिव्ह टचच्या (बोटाने दाबल्यावर चालणाऱ्या) आतली फट आणि पारदर्शक वाहक थर अजून वेगळे. पंधरा हजारचे बारा टक्के म्हणजे अठराशे निटचा पांढरा पडदा, आणि त्याच्या मागे आमचा हजार निटचा नकाशा. बॅकलाइट (मागचा उजेड) किती वाढवणार? दुप्पट केला असता तर परत विदर्भातून फोन आला असता. परत येणारा प्रकाशच मारायला हवा होता.

त्यावर उपाय म्हणजे फट बंद करणं, याला ऑप्टिकल बाँडिंग म्हणतात. काच आणि एलसीडीच्या मध्ये काचेसारखाच वक्रीभवनांक असलेलं पारदर्शक सिलिकॉन भरायचं, मग आतल्या दोन पृष्ठभागांवरून प्रकाश जवळजवळ परत येतच नाही, आणि पुढच्या काचेवर अँटी-रिफ्लेक्टिव्ह कोटिंग केलं की उरलेले चार टक्केसुद्धा एकच्या खाली येतात.

कागदावर हे चार ओळींत होतं, हाताने जमायला आम्हाला दीड वर्ष लागलं. दोन भागांचं सिलिकॉन कालवायचं, व्हॅक्यूममध्ये ठेवून त्यातली हवा काढायची, मग पॅनलवर मधोमध एक जाड रेघ आणि दोन्ही टोकांना फाटे, अशी नक्षी ओतायची, आणि काच एका कडेने अलगद टेकवत खाली सोडायची. सिलिकॉन स्वतःच्या वेगाने पसरत कोपऱ्यापर्यंत जातं, दाबायचं नाही, घाई करायची नाही. दाबलं की वरून दिसत नाही पण पॅनल चालू केल्यावर कडेला ढगासारखे डाग दिसतात. धुळीचा एक कण राहिला की त्याच्याभोवती बुडबुडा धरतो, आणि काही बुडबुडे तर आज नसतात, आठ दिवसांनी पॅनल तापला की उगवतात. पहिल्या चाळीस पीसपैकी आमचे नऊच चांगले निघाले.

हे काम खरं शिकवलं आमच्याकडे डिप्लोमा करून नुकत्याच लागलेल्या एका मुलीने. तिने बघितलं की पावसाळ्यात खराब पीस कमी निघतात, कारण धूळ बसलेली असते. मग ती रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी फरशी ओली करून घ्यायची, पंखा बंद, केसांना टोपी, आणि बोलायलासुद्धा बंदी. पुढे आम्ही फिल्टर लावलेलं स्वच्छ हवेचं टेबल घेतलं, पण रिजेक्शन निम्म्यावर आलं ते तिच्या ओल्या फरशीने. आज ती आमची प्रॉडक्शन मॅनेजर आहे आणि बाँडिंगच्या खोलीत तिच्या परवानगीशिवाय मीपण जात नाही.

बाकीचे धडे एकेक करून मिळत गेले. बॅटरीचं टर्मिनल सैल असेल तर अल्टरनेटरकडून (इंजिनवर चालून गाडीची बॅटरी चार्ज करणारं यंत्र) बारा व्होल्टच्या लाइनवर ऐंशी-शंभर व्होल्टचा झटका येतो, आणि स्टार्टर मारताना तीच लाइन सहा-सातवर पडते, दोन्हीत स्क्रीन जगला पाहिजे. पोलराइज्ड गॉगल घालणाऱ्याला स्क्रीन काळा दिसतो, त्यासाठी वर क्वार्टर-वेव्ह फिल्म (स्क्रीनच्या प्रकाशाचं पोलरायझेशन बदलणारा पातळ थर) लागते. हजार निटचा स्क्रीन रात्री ड्रायव्हरच्या डोळ्यात बॅटरी मारल्यासारखा होतो, म्हणून तो पाच-दहा निटपर्यंत न लुकलुकता उतरायला हवा, या एका गोष्टीवर आम्ही सहा महिने घालवले, आणि माझ्या मते ते दिवसाच्या उजेडाइतकंच महत्त्वाचं आहे. २०१४ ला रेझिस्टिव्ह सोडून कपॅसिटिव्ह टचवर (मोबाइलसारखा, नुसत्या स्पर्शाने चालणारा) आलो, त्यात ती आतली फट गेली, पण फवारणीच्या ट्रॅक्टरवर पाण्याचा थेंब पडला की स्क्रीन स्वतःच बटणं दाबायला लागायचा, तो थेंब आणि बोट यातला फरक कंट्रोलरला शिकवत बसलो.

धंदा म्हणून सगळ्यात जास्त त्रास पॅनलनेच दिला. स्वस्तातला पॅनल वर्ष-दीड वर्षात बनायचा बंद होतो, नवीन आला की स्क्रूची भोकं वेगळी, कनेक्टर वेगळा, म्हणजे डबा परत बनवा, टेस्टिंग परत करा. २०२१ च्या टंचाईत तर पॅनल मिळाला तर टच कंट्रोलर नाही, कंट्रोलर आला तर पॉवरची चिप नाही, अशी चार महिने अर्धवट मालाची कपाटं भरलेली होती. पगार थांबवले नाहीत, त्यासाठी घरातलं सोनं बँकेत ठेवावं लागलं, ते पुढच्या दिवाळीच्या आधी सोडवलं. तेव्हापासून दहा वर्षं मिळत राहील असं लेखी देणाराच इंडस्ट्रियल पॅनल घेतो, महाग पडतो तरी.

आता भोसरीत आम्ही चौदा जण आहोत. गच्चीवर ओम्नीचा जुना डॅशबोर्ड पश्चिमेकडे तोंड करून बसवलाय, समोर सीट आहे, आणि प्रत्येक नवीन डिझाइन तिथे दुपारी पांढरा शर्ट घालून बघायचं असा नियम आहे. सध्या १२.३ इंची लांबट स्क्रीनचं काम चालू आहे. एवढ्या लांबीवर सिलिकॉन दोन्ही टोकांना एकाच वेळी पोचत नाही, उजवा कोपरा मागे राहतो. ओतायच्या नक्षीत आत्तापर्यंत अकरा वेळा बदल केलेत, कालच्या पाचपैकी तीन पीस स्वच्छ निघाले.