डेनेरियस अपडेट: ममिलियसचा ओडिसियस आणि त्याचा कुत्रा

मंडळी, रिपब्लिक काळातल्या रोमन चांदीत ज्या नाण्यामागे लागलो होतो ते एकदाचं हाती आलंय, गायस ममिलियस लिमेटानस या नाणी पाडणाऱ्या अधिकाऱ्याचा डेनेरियस (रोमन चांदीचं नाणं), इ.स.पू. 82, वजन चार ग्रॅमच्या जरासंच खाली. झीज आहे पण मागचा ठसा मस्त सेंटरला बसलाय.

पुढे मर्क्युरी हा रोमन देव, पंखवाली टोपी घातलेला. मागची बाजू बघा पण! ओडिसियस, ग्रीक कवी होमरच्या महाकाव्याचा नायक, भिकाऱ्याच्या वेषात, डोक्यावर निमुळती टोपी, हातात काठी, दुसरा हात पुढे केलाय आणि समोर त्याचा कुत्रा अर्गोस. वीस वर्षांनी घरी आलाय, बायकोनेही अजून ओळखलं नाहीये पण म्हाताऱ्या कुत्र्याने ओळखलं. होमरचा हा अख्खा प्रसंग दोन सेंटिमीटरच्या चकतीवर मावलाय. समोरून लाइट मारला तर सगळं सपाट दिसतं, दिवा डावीकडून एकदम खाली ठेवला आणि कुत्र्याची वर केलेली मान उठून आली, कितीतरी वेळ भिंग खाली ठेववेना.

आता हाच प्रसंग का? नाणी पाडणारे हे अधिकारी बहुतेक राजकारणात नवे असायचे आणि नाण्यावर घराण्याचं नाव मिरवायचे. ममिलिया घराणं स्वतःला ओडिसियस आणि जादूगारीण सर्सी यांचा मुलगा टेलेगोनस याच्या वंशातलं म्हणवायचं, आणि मर्क्युरी तर ओडिसियसच्या आईचा आजोबा, म्हणजे दोन्ही बाजूंना घरचीच माणसं. काही अभ्यासक याचा संबंध रोमन सेनापती सुल्ला पूर्वेकडून इटलीत परतला त्याच्याशी लावतात. मला ते तेवढं पटत नाही, कारण याच घराण्याच्या साधारण शंभर वर्षं आधीच्या ब्राँझच्या नाण्यांवरही ओडिसियस आहेच, तेव्हा कुठला आलाय सुल्ला.

या नाण्याच्या कडेला खाचा आहेत, त्यांच्याबद्दल: ठसा मारायच्या आधीच चकतीला छिन्नीने पाडायचे. आतपर्यंत चांदी आहे हे दाखवायला, असं बऱ्याच ठिकाणी वाचाल, पण तांब्यावर चांदी चढवलेली खाचांचीच खोटी नाणी पण सापडलीयेत, मग त्या खात्रीला अर्थ काय उरला? रोमन इतिहासकार टॅसिटसने मात्र नंतर लिहून ठेवलंय की जर्मन टोळ्यांना हीच खाचांची नाणी पसंत होती.

पुढचं टार्गेट टायटस कॅरिसियसचा डेनेरियस, इ.स.पू. 46. पुढे जुनो मोनेटा देवी आणि मागे चक्क टांकसाळीची हत्यारं, ऐरण, सांडशी, हातोडा. कुणाकडे असेल तर हातोड्याच्या बाजूचा क्लोजअप टाका ना, प्लीज.