एका एलईडीसाठी एवढं सगळं

नवं मायक्रोकंट्रोलर बोर्ड (प्रोग्रॅम करता येणारी चिप बसवलेली पाटी) हातात आलं की हात शिवशिवतात. केबल लावावी, चार ओळी खरडाव्यात आणि एलईडी लुकलुकताना बघावी, अपेक्षा एवढीच. पण आयडीई, म्हणजे कोड लिहायचं सॉफ्टवेअर, उघडून चिपचं नाव शोधावं, तर ते यादीत नसतंच! आधी सपोर्ट पॅकेज, म्हणजे त्या चिपची ओळख करून देणाऱ्या फाइल्स, घाला. मग डाउनलोडची पट्टी सरकत बसते. एसटीएम३२एफ१०३सी८ या चिपची फ्लॅश (प्रोग्रॅम कायम साठवायची मेमरी) ६४ केबी, रॅम २० केबी. आणि तिच्यासाठी कंपायलरसकट शेकडो एमबी उतरवायचे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

पूर्वी ही कटकट नव्हती, असं जुनी मंडळी सांगतात. केलच्या एमडीके या आर्म चिप्ससाठीच्या सॉफ्टवेअरपुरतं ते खरंही आहे. चौथ्या आवृत्तीपर्यंत चिप्सची माहिती आतच असायची, पाचवीपासून सपोर्ट पॅकेज (तिथे त्याला पॅक म्हणतात) वेगळं उतरवणारा पॅक इन्स्टॉलर आला. आर्डुइनोच्या आयडीईत मात्र उलट. तिथे २०१५ साली १.६.२ मध्ये बोर्ड्स मॅनेजर आला, त्याआधी परक्या बोर्डाची फाइल उतरवून हार्डवेअर फोल्डरमध्ये हाताने उलगडून ठेवावी लागे. ते ज्यांनी केलंय, ते पट्टीबद्दल तक्रार करत नाहीत.

पट्टी सरकतेय तोवर एक उद्योग करण्यासारखा आहे. केलची पॅक फाइल म्हणजे साधी झिप असते. एक्स्टेन्शन बदलायचं आणि उघडायची. आत सापडतात ते मुख्यतः चिपच्या वेगवेगळ्या भागांचे मेमरीतले पत्ते. एफ१०३ मध्ये पोर्ट-ए (पिनांचा एक गट) राहतो हेक्स ४००१०८०० वर. त्याच कंपनीच्या एफ४०७ मध्ये तोच पोर्ट-ए ४००२०००० वर. बरं, तिथे पोचल्यावर पिन वर-खाली (चालू-बंद) करणारं रजिस्टर, म्हणजे मेमरीतला छोटा कप्पा, एकीकडे बारा बाइट पुढे, तर दुसरीकडे वीस बाइट. दोन्हींचा गाभा, म्हणजे प्रोसेसर, आर्म कॉर्टेक्स-एम घराण्यातला, पण गाभ्याबाहेरचा संसार ज्याचा त्याचा. हे पत्ते एफ१०३ च्या हजारावर पानांच्या रेफरन्स मॅन्युअलमधून एकेक करून उचलायची माझी तरी तयारी नाही. कुणीतरी ते आपल्यासाठी करून ठेवलंय, त्यापुढे पट्टीचा कंटाळा किरकोळ.

त्यातली मला सगळ्यात आवडणारी चीज म्हणजे फ्लॅश अल्गोरिदम. चिपची फ्लॅश कशी पुसायची, कशी लिहायची, हे केलच्या डिबगरला (चिपमध्ये प्रोग्रॅम उतरवून तपासणाऱ्या भागाला) स्वतःला ठाऊक नसतं. तो पॅकमधला एक चिमुकला प्रोग्रॅम उचलतो, चिपच्या रॅममध्ये टाकतो आणि तिथेच चालवतो. म्हणजे चिप स्वतःच स्वतःची फ्लॅश लिहिते! आपला प्रोग्रॅम आत बसला की रॅममधल्या या पाहुण्याचं काम संपलं. पॅक चुकीचा असला की ‘फ्लॅश डाउनलोड फेल्ड’ येतं आणि आपण उगाच केबल बदलत बसतो.

आता अपडेटचं. नव्या आवृत्तीची सूचना दिसली की बोट आपोआप तिकडे जातं, पण चालू स्थितीतल्या प्रोजेक्टसाठी ते आवरावं, असं माझं स्पष्ट मत. नव्या पॅकमध्ये स्टार्टअप फाइल (चिप सुरू होताच आधी चालणारा कोड) बदललेली असू शकते, लायब्ररीतल्या फंक्शनचं नाव सुद्धा. केलमध्ये कुठल्या पॅकची कुठली आवृत्ती वापरायची ते प्रोजेक्टपुरतं ठरवून ठेवता येतं, ते ठरवावं. आणि ती पॅक फाइल सोर्स कोडच्या शेजारीच ठेवून द्यावी. जागा खाते, खाऊ दे.